मे महिन्याच्या उन्हात टू बीएचके शोधताना

नागपुरात घर बदलणाऱ्यांची गर्दी एप्रिल-मे-जूनलाच होते. बदल्यांचे ऑर्डर निघालेले असतात, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्याआधी सामान हलवून मोकळं व्हायचं असतं. म्हणून या दिवसांत घरमालक किरायात शंभर रुपये सोडायला तयार नसतात. घासाघीसच करायची तर पितृपक्ष बरा. त्या पंधरवड्यात सहसा कुणी घर बदलत नाही आणि रिकामे फ्लॅट पडून असतात. पण घर पारखायला मात्र मे. छत किती तापतं, पाणी वर चढतं का, कूलर लावायला जागा आहे का, हे तिन्ही एकाच दुपारी कळतं.

आमचा शोध २० एप्रिल २०२५ ला सुरू झाला आणि १४ जूनला किल्ली हातात आली. आठ आठवड्यांत अकरा घरं पाहिली. बजेट होतं सोळा हजार, पण ते सगळं धरून: किराया, मेंटेनन्स, पाणी, आणि कामावर जाण्या-येण्याचं पेट्रोल. हा हिशोब पहिल्या दिवशी केला नसता तर मे उजाडायच्या आतच स्वस्त दिसणारं घर पक्कं करून बसलो असतो.

पहिले दोन रविवार मोबाइलवरच गेले. फोटो पाहून घर निवडण्यात अर्थ नाही, एवढं त्यातून कळलं. एकच फोटो तीन दलालांनी तीन किरायांना टाकलेला असतो, आणि फोन केला की "तो तर कालच गेला, पण दुसरा आहे" हे ठरलेलं उत्तर. एकाने घर दाखवण्याआधीच पाचशे रुपये व्हिजिट चार्ज मागितला. असा चार्ज देऊ नये. ज्याला खरंच घर द्यायचं आहे तो ते दाखवायचे पैसे मागत नाही. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो संध्याकाळी गाडीवर फिरून गेटवरच्या "किरायाने देणे आहे" पाट्या वाचण्याचा. खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर या पट्ट्यात दोन संध्याकाळी फिरून नऊ नंबर मिळाले, त्यातले पाच थेट घरमालकांचे. दलाल मध्ये आला की नागपुरात बहुतेक वेळा एक महिन्याचा किराया त्याचा. काही जण पंधरा दिवसांवर तयार होतात, पण तसं आधीच विचारावं लागतं. किल्ली मिळाल्यावर कुणी ऐकत नाही.

फोनवर घराबद्दल बोलायच्या आधी आडनाव, गाव, नॉनव्हेज, नोकरी कुठे, असे प्रश्न येतात. दोन ठिकाणी तर आडनाव ऐकल्यावर घर अचानक "पाहुण्यांना दिलेलं" निघालं. चीड येते. पण अशा फोनवर वाद घालून घर मिळत नाही. नंबरापुढे फुली मारायची आणि पुढचा लावायचा.

आता पैशाचं. शहराच्या दक्षिणेला बेसा-पिपळ्याच्या पुढे ११,००० मध्ये टू बीएचके सांगत होते, नवी स्कीम (फ्लॅटच्या इमारतीला नागपुरात स्कीमच म्हणतात), लिफ्ट, पार्किंग, बिनतक्रार. छत्रपती चौकाच्या अलीकडे जुन्या स्कीममध्ये १४,००० च्या खाली काही नव्हतं. तीन हजारांचा फरक कुणाच्याही डोळ्यांत भरेल. पण लांबच्या घराचा मेंटेनन्स १,२०० होता. महापालिकेची पाइपलाइन तिथे पोहोचलेली नव्हती, त्यामुळे बोअर आणि उन्हाळ्यात टँकर, त्याची वर्गणी मे महिन्यात घरटी ८०० च्या घरात. पेट्रोल रोज वीस-बावीस किलोमीटरचं. फ्लॅट शेवटच्या माळ्यावर. या सगळ्याचे कागदावर आकडे मांडले तर फरक पाचशे रुपयांवर आला, आणि त्यात कूलर-एसीचं बिल धरलेलंच नव्हतं.

ते बिलही तिथेच मांडता येतं. साधा डेझर्ट कूलर साधारण २०० वॅट खातो. रात्रंदिवस मिळून बारा तास चालला तर दिवसाला अडीच युनिटच्या आसपास, महिन्याला सत्तर-पंच्याहत्तर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. मधल्या माळ्यावर दोन कूलरवर भागतं. शेवटच्या माळ्यावर स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, कूलर हवा देतो पण गारवा देत नाही, आणि एसी लावावाच लागतो. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर एक पायरी, ३०० नंतर दुसरी, ५०० नंतर तिसरी. दोन कूलर, एक एसी, फ्रिज, पंखे मिळून मे महिन्यात तीनशेची पायरी सहज ओलांडली जाते, आणि वरच्या युनिटना दर चढता लागतो.

म्हणून घर पाहायची वेळ आम्ही दुपारी साडेतीन ते पाच ठरवली. दलालांना ती वेळ आवडत नाही. ते म्हणतात, "सकाळी या ना जी, ऊन फार आहे." ऊन फार आहे म्हणूनच त्या वेळी जायचं. आत गेलो की पहिलं काम, बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पंजा लावून दहा आकडे मोजायचे. एका घरात पाचव्या आकड्याला हात काढावा लागला. दुसऱ्या घरात, त्याच स्कीममध्ये पण दोन माळे खाली, भिंत कोमट होती. किराया दोन्हींचा सारखा.

कूलरसाठी तीन गोष्टी पाहायच्या. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड बसतो का, त्यासाठी घरमालक ड्रिल करू देतात का, आणि त्या खिडकीजवळ थ्री पिन पॉइंट आहे का. चौथी गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही: समोरच्या बाजूला हवा निघायला दुसरी खिडकी किंवा दार हवं. कूलर ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर गेली नाही तर खोली दमट होते, चादरी चिकटतात आणि कूलर बिघडला असं वाटू लागतं. आणि अर्थिंग. कूलरची लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओले हात. शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. वीस-तीस वर्षं जुन्या स्कीममध्ये थ्री पिन सॉकेट असतं, पण मागे तिसरी वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला तीनशे रुपये देऊन सह्या करायच्या आधी तपासून घेतलं. दोन पॉइंटपैकी एकाला अर्थिंग नव्हतं. बोर्डात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून मागावा. घरमालक नाही म्हणाले तरी आपल्या खर्चाने बसवणं परवडतं.

पाण्याचं प्रकरण याहून लांब. नागपूरला पाणी येतं पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून, थोडं गोरेवाडा तलावातून. महापालिकेच्या वतीने शहरातला पुरवठा ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पाहते. घराला मीटरचं नळ कनेक्शन आहे का, हा पहिला प्रश्न. अख्ख्या स्कीमला एकच कनेक्शन असेल आणि खाली टाकं, वर टाकी अशी रचना असेल, तर पुढचा प्रश्न मोटर कोण आणि किती वाजता चालवतं. "पाणी आहे ना?" असं कुणालाही विचारू नये, उत्तर "भरपूर" हेच येतं. चौकीदाराला विचारलं, "काका, टँकर आठवड्यातून कितीदा येतो?" तो म्हणाला, "दोनदा, पण रविवारी आला तर तीनदा." दलाल तोवर चोवीस तास पाणी म्हणत होता.

घरात किचनचा आणि दोन्ही बाथरूमचे नळ एकदम उघडून पाहावेत. एक धार बारीक झाली तर वरच्या माळ्यावर सकाळी सातला काय होणार ते कळलं. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली असेल तर बोअरचं जड पाणी वापरात आहे: गिझरची कॉइल लवकर जाणार, कूलरच्या खसावर मीठ चढणार, डाळ शिजायला वेळ लागणार. कूलरची ऐंशी लिटरची टाकी कडक उन्हात दिवसातून दोनदा भरावी लागते. दोन कूलर म्हणजे तीनशे लिटरहून जास्त पाणी नुसतं हवेत जातं. एवढं पाणी टँकरवर भागवणं म्हणजे रोजची कटकट.

पावसाळ्याची परीक्षा मे महिन्यात घेता येत नाही, पण खुणा वाचता येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. त्या बाजूला तळमजला पाहत असाल तर भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा वेगळ्या छटेचा आहे का, दारांच्या चौकटी खालून फुगल्या आहेत का, ते पाहा. शेजारच्या घरी "त्या दिवशी किती पाणी आलं होतं" असं सरळ विचारलं तर लोक सांगतात, अगदी हात कमरेला लावून. वर्धा रोडपलीकडे जायचं असेल तर नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखालचा रस्ता जोरदार पावसात तुंबतो, हे धरून रस्ता ठरवावा. आणि ताज्या रंगाच्या वासाने खूश होऊ नये. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली आपलं छत कुठे येतं ते बघावं आणि तिथे नाण्याने हलकं टोकावं. रंगाचा पापुद्रा आवाज करत निघाला तर आत ओल आहे.

२५ मेला एक घर पसंत पडलं. खामल्याच्या बाजूला, चार माळ्यांच्या जुन्या स्कीमचा दुसरा माळा, लिफ्ट नाही, बाल्कनी पूर्वेला, मीटरचा नळ. कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, सहाशे चौरस फूट असेल. जाहिरातीत ८५० लिहिलं होतं, जिना आणि पार्किंगचा वाटा धरून. जयप्रकाशनगर मेट्रो स्टेशन पायी वीस मिनिटं. मागत होते १५,०००, ठरले १४,०००, डिपॉझिट ३०,०००, मेंटेनन्स ५०० वेगळा. हजार रुपये उतरले ते बोलण्याच्या जोरावर नाही. अर्थिंग आणि स्वयंपाकघरातला सिंकखालचा पाइप आम्ही करून घेऊ असं सांगितलं म्हणून. टोकन म्हणून ५,००० दिले, ऑनलाइन, आणि त्याच मिनिटाला मेसेजवर लिहून घेतलं की ही रक्कम डिपॉझिटमध्ये धरली जाईल, घर दिलं नाही तर पूर्ण परत मिळेल. नगद टोकन देऊन नंतर "कुठलं टोकन" ऐकलेले लोक आमच्या ओळखीतच तीन निघाले.

कागद मागायला संकोच करू नये. घरमालकाचं आधार आणि पॅन, चालू वीजबिल, घरटॅक्सची पावती. वीजबिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, त्यावर थकबाकी ऑनलाइन दिसते. मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तोही तिथेच कळतो, एसी लावणाऱ्याने तो बघावा. बिल, पावती आणि आधार या तिन्हींवर नाव एकच आहे का, ते पडताळावं. आमच्या बाबतीत घर घरमालकीण काकू आणि त्यांचा मुलगा अशा दोघांच्या नावाने होतं, मुलगा पुण्याला. अशा वेळी दोघांचीही सही आणि अंगठा लागतो, नाहीतर मुखत्यारपत्र. हे आधी लक्षात आलं म्हणून नंतरचे सहा दिवसच गेले, महिना गेला नाही.

नोकरदारांसाठी आणखी एक. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची आणि वर्षाचा किराया एक लाखाच्या वर जात असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. काही घरमालक पॅनला साफ नकार देतात. टोकनच्या आधी विचारलं तर दुसरं घर बघता येतं. नंतर विचारलं तर वर्षाची सूट हातची जाते.

करारनामा अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर करायला लागत नाही, हा समज नागपुरात अजून घट्ट आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देणारे टायपिस्ट कोर्टाच्या आसपास बसलेलेच असतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. काकूंना हे कलम वाचून दाखवल्यावर त्याच म्हणाल्या, "मग रजिस्टरच करू बापा."

खर्चाचा हिशोब सोपा आहे. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज मिळवून. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ऑनलाइन नोंदणीला दस्त हाताळणी शुल्क ३००. आम्ही अकराऐवजी बावीस महिन्यांचा करार केला. पहिले अकरा महिने १४,०००, पुढचे अकरा ५ टक्के वाढीने १४,७००. एकूण किराया ३,१५,७००, डिपॉझिटचं व्याज ५,५००, दोन्ही मिळून ३,२१,२०० आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ८०३. पोर्टल आकडा स्वतः काढतं, आपण ताळा करून ठेवायचा. अकरा-अकराचे दोन करार केले असते तर मुद्रांक तेवढाच पडला असता, पण नोंदणी फी आणि दस्त हाताळणी दुसऱ्यांदा, म्हणजे १,३०० रुपये जादा, शिवाय एजंटची फी पुन्हा. साठ महिन्यांपर्यंत असा करार करता येतो. मुदत मोठी असली तरी एक महिन्याच्या नोटिशीने घर सोडता येईल अशी अट टाकून घ्यावी, आणि लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांचा ते नीट वाचावं. आमच्या मसुद्यात एजंटने त्याच्या ठरलेल्या नमुन्यातून बावीसच्या बावीस महिने लॉक-इन टाकलं होतं. ते सहा करून घेतलं.

करार नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी पोर्टलवर घरूनही नोंदवता येतो, पण अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा लागतो, म्हणून बहुतेक लोक एजंट घेतात. आमच्याकडून त्याने १,२०० घेतले. पोलीस व्हेरिफिकेशनचे म्हणून आणखी ५०० मागितले, ते दिले नाहीत. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं हे घरमालकाचं काम आहे आणि ते फुकटात होतं, ऑनलाइन किंवा त्या भागातल्या पोलीस ठाण्यात. करार, दोघांचे आधार, फोटो आणि ओळखीच्या दोन व्यक्तींचे नंबर, एवढंच लागतं. आम्ही पोलिसांच्या पोर्टलवर भरून काकूंच्या हाताने सबमिट करून पोच प्रिंट काढली.

३ जूनला एजंट यंत्र घेऊन काकूंच्या घरी आला. आमचे अंगठे लागले, दोन साक्षीदारांचे लागले, काकूंचा लागेना. चाळीस वर्षं खडू आणि भांडी. बोटांच्या रेघा जवळजवळ पुसलेल्या. आधी कोरड्या रुमालाने पुसून, मग कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवून, मग खोबरेल तेलाचा थेंब चोळून पुसून. सातव्या प्रयत्नात डाव्या हाताची अनामिका लागली. घरमालक वयस्कर असतील तर दहाही बोटं करून पाहायला सांगा. काहीच नाही जमलं तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करायचा मार्ग उरतोच. मुलाचा अंगठा पुण्यातल्या दुसऱ्या एजंटकडे ९ जूनला झाला, सगळे एका जागी असायची गरज नाही. ११ जूनला दुय्यम निबंधक कार्यालयातून शेरा आला: मालमत्तेच्या पत्त्यात फ्लॅट नंबर वीजबिलाशी जुळत नाही. एजंटने टाइप करताना २०३ चा ३०२ केला होता. दुरुस्त करून परत पाठवलं, १३ तारखेला मंजूर होऊन सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा) सह करार हातात आला. मसुदा वाचताना नावं सगळेच बघतात, पत्ता कुणी बघत नाही.

किल्ली घेताना वीजमीटर आणि पाण्याचं मीटर यांचे आकडे दिसतील असे फोटो काढून काकूंना पाठवले. पंखे, गिझर, ट्यूब, खिडकीची तुटलेली जाळी, किचन ओट्याला गेलेला तडा, सगळ्याचे फोटो त्याच मेसेजमध्ये. डिपॉझिट परत घेताना भांडण होतं ते याच तड्यांवरून. उरलेलं डिपॉझिट बँकेतून दिलं. कुरिअरवाल्याला जिना शोधता येत नाही म्हणून चौकीदाराकडे नंबर ठेवला. गॅसचं कनेक्शन शहरातल्या शहरात दुसऱ्या वितरकाकडे बदलून घ्यायला आणि आधारवरचा पत्ता बदलायला हाच नोंदणीकृत करार चालला.

जूनच्या शेवटी पहिलं वीजबिल आलं, त्यासोबत एक वेगळं पान. अतिरिक्त सुरक्षा ठेव, १,१८० रुपये. महावितरण वर्षातून एकदा मागच्या वापरावर ही ठेव पुन्हा काढतं आणि कमी पडली तर फरक मागतं. ती ग्राहकाच्या, म्हणजे घरमालकाच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावरचं व्याजही त्यांच्याच बिलात वळतं. करारात "वीजबिल भाडेकरू भरेल" एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे बरेच लोक हेही भरून टाकतात. पानाचा फोटो काकूंना पाठवला. त्यांनी संध्याकाळी भरलं, आणि उत्तरात विचारलं, कूलर काढून ठेवला का, पहिल्या पावसात स्टँडवरून खालच्यांच्या खिडकीत पाणी जातं.